शाळेसमोरची जीप

यूरे: हात खाली घे, हाझिम. हालवर्द साहेबांची जीप आहे ती.

हाझिम: थांबलीसुद्धा. आता हात खाली घेऊन काय करू?

यूरे: वेग किती होता?

हाझिम: ब्याण्णव. शाळेसमोर.

यूरे: आपल्याला पोलिसाचं प्रमाणपत्र देणारा माणूस आहे तो. एक सही फिरवली की आपण दोघं घरी.

(लढाईनंतर गावात आलेल्या परदेशी शांतता मोहिमेतले पोलीस अधिकारी, नॉर्वेचे हालवर्द साहेब, काच खाली करतात.)

हालवर्द: काय झालं? पालिकेत माझं भाषण आहे.

हाझिम: कशावर, साहेब?

हालवर्द: कायद्यापुढे सगळे समान.

यूरे: छान विषय. निघा तुम्ही.

हाझिम: इथं चाळीसची मर्यादा आहे, साहेब. पाटी तुमच्याच शांतता मोहिमेनं लावलीय. तीही दोन लिप्यांत.

हालवर्द: इथला वाहतूक कायदा आम्हाला लागू नाही. मोहिमेच्या करारात तसं लिहिलंय.

हाझिम: बरं. मग पोरांना सांगतो, करार वाचून रस्ता ओलांडा.

यूरे: याचं मनावर घेऊ नका, साहेब. लढाईत हा नदीच्या या काठावरून पलीकडे आमच्यावर गोळ्या झाडायचा. तेव्हाही थांबायचं कधी, हे याला कळत नव्हतं.

हाझिम: तुझा तरी एक नेम लागला का?

हालवर्द: यूरे, तुम्हाला काय वाटतं?

यूरे: मला? तुम्ही हुकूम काढलात, गाडीत एक क्रोएट आणि एक मुस्लिम बसलाच पाहिजे. बसलो. वाटायचं काय त्यात?

हालवर्द: आज विचारतोय.

यूरे: दोन्ही काठांची पोरं येतात या शाळेत. माझी मुलगीही... लिही, हाझिम.

हाझिम: 'बेफाम' लिहू की 'भरधाव'?

यूरे: भरधाव. बेफाम म्हटलं की माणूस दुखावतो.

हालवर्द: दोघांनी सही करा आणि एक प्रत मला द्या.

यूरे: फाडायला?

हालवर्द: भाषणात वाचायला. दंड मला होणार नाही, ते माझ्या हातात नाही. पण दोन्ही काठांची सही असलेला कागद मी या गावात पहिल्यांदाच बघतोय.

यूरे: आणि आमचं प्रमाणपत्र?

हालवर्द: त्याला काय झालंय? सरका, उशीर होतोय मला.

हाझिम: चाळीसनं जा, साहेब.

यूरे: गेला. चाळीसनंच गेला. चल, कॉफी घेऊ आमच्या काठावर.

हाझिम: सात वर्षं झाली तिकडे पाऊल टाकून. तेही या गणवेशात?

यूरे: मग काय, लंगोटीवर येतोस?

हाझिम: लोक बघतील.

यूरे: बघू देत. तू भिंतीला पाठ लावून बस. दाराकडे मी बघतो.