अनघाची बिनभोकांची काच

एकदा चोरी झाली, ठीक... दुसऱ्यांदा झाली, बरं बाबा... पण दरवेळी? तुम्हाला सांगतो, वलवणच्या अनघाचं डोकं फिरलं ते उगाच नाही! पोरगी लोणावळ्याच्या कॉलेजात सौर काचांवर संशोधन करते. म्हणजे काय, तर काचेवर भुकटीचा लेप द्यायचा, भट्टीत भाजायचा, आतला चिकट माल जळून जातो आणि मागे राहतात भोकं, डोळ्यांनाही न दिसणारी! त्या भोकांत जांभळाचा रंग मुरला, की उन्हात वीज! सगळा खेळ भोकांचा हो, भोकांचा! तिची आई भागुबाई म्हणायची, "आगं, येवढं शिकून भोकं पाडतीस व्हय? माज्या चाळणीला हायेत की आयती!"

आणि अनघानं जीव ओतून काचा भाजाव्यात, की तिच्याच प्रयोगशाळेतला राजेंद्र गोड हसून, "अगं, माझ्या तडकल्या गं, तुझी एक घेतो हं..." घेतो? घेतलेली असायची! वर सरांपुढे म्हणायचा, "माझी काच!"

मग तिनं ठरवलंच. तुंगार्लीच्या हॉटेलात परिषद होती, राजेंद्र स्टेजवर काच रंगवून तिच्या विजेवर पंखा फिरवून दाखवणार होता. आदल्या दिवशी अनघानं एका काचेवर दुसराच लेप दिला... घट्ट, गुळगुळीत, औषधालाही भोक नाही! ठेवली भट्टीशेजारी आणि गेली चहाला.

"वा! आज काय चकचकीत जमलीय!" म्हणत त्यानं उचललीच!

सगळा खेळ भोकांचा, आणि भोकंच नाहीत... अनघा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून! त्यानं जांभळाच्या रसात भिजत घातलेली काच ऐटीत वर काढली, पाण्यानं धुतली... आणि रंग सगळा शर्टावर, काच कोरी! पंखा? हलेल तर शपथ! हॉल खो खो हसतोय, राजेंद्र जांभळा पडलाय, आणि अनघाला वाटलं, बास, भरून पावले!

तेवढ्यात परिषदेला पैसा लावणारे टाइल्सवाले शेठ ताडकन उठले, "रुको रुको! दाग टिकता ही नहीं? अरे, मेरे को यही तो चाहिए था!"

झालं! राजेंद्र त्यांच्या कंपनीत साहेब. पण काच बनवता येते कुणाला? आला फोन, "अनघा, अगं तुझ्यासाठी जागा काढलीय हं, माझ्याच हाताखाली..."

गेली का म्हणता? गेली की! करते काय? बाई सूड घ्यायला निघाली आणि दोघांना नोकरी लावून बसली!