मोकळा माळ

बन्सी : ...तर मेंढी तशीच पडलीय वड्यात. निम्मी खाल्लीय. त्यो परत येनार, दाजी, आज सांजच्याला येनारच. तुमी फकस्त तिच्यात औषध भरून द्या. तुमच्यावानी कुनाला जमत न्हाई.

आसाराम : लांडगाच हाय कशावरनं? कुत्री आसतील.

बन्सी : कुत्र्यांनी सगळा कळप फाडला आसता. ह्यानं एकच उचलली, नरड्याला धरून. चिखलात पाय बघितला मी. एकलाच हाय. कुठनं आला देव जाने. दोन वर्सं माळावर एक बी नव्हता.

आसाराम : नव्हता. म्या ठेवला न्हाई.

बन्सी : म्हनून तर तुमच्याकडं आलो.

(जानेवारी १९७४. तिसगावच्या वरच्या अंगाला, माळाला लागून असलेलं घर. आसाराम ओसरीवर बसून मेंढीच्या खुरातला काटा काढतोय. समोर त्याचा मेव्हणा बन्सी, हातात फवारणीच्या औषधाची बाटली. आत बन्सीची बहीण, आसारामची बायको मालनबाई दळत होती. जातं मघाशीच थांबलंय, हे आसारामच्या एकट्याच्या ध्यानात आलंय.)

आसाराम : ती बाटली खाली ठेव. मेंढीपास्नं लांब.

बन्सी : दुष्काळातनं धा मेंढरं जगवली मी, दाजी. निवडुंग भाजून, काटं काढून चारला. माझ्या हाताची सालटी निघाली. आता हिरवं दिसायला लागलं, तर ह्यो आला. किती घालू त्याच्या पोटात?

आसाराम : तुझं दुखनं खोटं न्हाई.

बन्सी : मग उठा की.

आसाराम : बस जरा. तुला एक सांगतो, आजवर कुनाला बोललो न्हाई. दोन वर्सांमागं घळीत आपून औषध भरून मेंढी ठेवली. दुसऱ्या दिशी तू मला खांद्यावर घेऊन गावातनं नाचलास.

बन्सी : गावानं फेटा बांदला तुमाला. माळ मोकळा झाला म्हनून.

आसाराम : तिसऱ्या दिशी मी परत गेल्तो तिकडं. एकलाच. मादी पडली हुती, आचळं दुधानं तटतटलेली. अन् वर कपारीतनं पिल्लांचा आवाज. लई बारीक. हात घातला आसता तर घावली आसती. मी उभा राह्यलो, उभा राह्यलो, अन् तसाच माघारी आलो. भवतीनं गिधाडं पडली हुती, पंख पसरून. ती बी त्याच मेंढीवर बसली आसतील.

बन्सी : जनावरंच ती, दाजी.

आसाराम : व्हय. मग पाऊस गेला. गावाची ढोरं मेली, वढून घळीत टाकली. आधी ढोर टाकलं की गिधाडं सांजपातूर निस्ती हाडं ठेवायची. आता सडत पडली. वास गावात यायचा, तुला आठवत आसंल. खायाला आली कोन? कुत्री. ह्या गावची, त्या गावची, सगळी माळावर जमली. तिथंच व्याली. लांडगं हुतं तवर एक कुत्रं वडा वलांडत नव्हतं.

बन्सी : नगं, दाजी.

आसाराम : त्यातलंच एक पिसाळलं.

बन्सी : आक्का आत हाय.

आसाराम : आसू दे. तिला काय नवं हाय त्यात? माझी चांगुणा शेळ्यांमागं गेल्ती. घोट्याला एवढंसं खरचटलं. हळद दाबली आमी. नगरला सुया घ्यायला न्यायला पायजे हुतं. वाटलं, एवढंसं तर हाय. दीड महिना पोर हसतखेळत हुती. अन् मग... सारा गाव पान्यासाठी उनात उभा. तुझी आक्का दोन कोसावरनं हंडा आनायची, अन् पोरीला तांब्या दिसला की ती भिंतीला चढायला बघायची. घशाला कोरड, अन् पान्याला भ्यायची. नऊ वर्सांची पोर.

बन्सी : मातीला मीच न्हेली तिला, ह्या हातावर. मला काय सांगताय? ते कुत्रं हुतं. लांडगा न्हाई. त्याचा तिच्याशी काय संबंद?

आसाराम : मला बी तसंच वाटायचं. शिकलेला न्हाई मी. पर मेंढरांमागं जलम गेला, माळ मला कळतो. लांडगा एक न्यायचा. बहुतेक लंगडी न्हाईतर रोगट न्यायचा. त्याच्या भ्यानं बाकीचं आपापल्या जागंवर हुतं. म्या त्याला काढला, अन् माळ कुत्र्यांच्या हवाली केला.

बन्सी : म्हंजी चांगुणा तुमी मारली, आसं म्हनायचंय?

मालनबाई : सरक, बन्सी. बसू दे मला. ते रोजच म्हनत्यात मनात. तोंडातनं आज निघालं.

बन्सी : आक्का, तू तरी समजव ह्यास्नी. मी न्हाई घातलं औषध, तर गावातलं दुसरं कोनतरी घालंल.

मालनबाई : घालंल. तू घालू नगंस.

बन्सी : अन् माझी मेंढी?

मालनबाई : आमची काळी घेऊन जा. गाभन हाय. म्हैन्याभरात ईल.

बन्सी : काळी? ती तर चांगुणानं मांडीवर वाढवलेली.

मालनबाई : व्हय. चांगली निघालीय. ने.

आसाराम : ने, बन्सी. ती म्हनतीय तर ने.

बन्सी : ...ह्या बाटलीचं काय करू मग?

आसाराम : हिरीपास्नं लांब खड्डा घे. खोल घे.

बन्सी : अन् वड्यात पडलेली?

आसाराम : राहू दे तिथंच. खाऊ दे त्याला.

बन्सी : आक्का, तुला कीव येती व्हय त्या जनावराची?

मालनबाई : कीव न्हाई रं. मला आठ दिस झालं ठावं हाय, त्यो आलाय ते. ह्यास्नी मी बोलले न्हाई.

आसाराम : का गं?

मालनबाई : उठून जाल म्हनून भ्या वाटलं.

आसाराम : कसं कळलं तुला?

मालनबाई : त्यो वरडला की माळावरची कुत्री गप व्हत्यात. पोर गेल्यापास्नं पयल्यांदा झोप लागली मला.