खोबणीतली पेशी

घरं भाड्याने देणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात माझ्या शेजारी तिघं बसली होती: काका, काकू आणि प्रयोगशाळेतून थेट आलेली त्यांची पुतणी. मोठं घर घ्यायचं की लहान, हे त्यांना आजच सांगायचं होतं.

“चार खोल्यांचंच घेऊ. नाहीतर माझे जुने रेडिओ ठेवायचे कुठे?”

“आता आहेत तिथेच. माझ्या पलंगावर.”

“काकू, आमच्या पेशीही अशाच. मोकळ्या बशीत सोडली की पेशी ऐसपैस पसरते, तिच्या आतले तंतू वाटेल त्या दिशेला जातात. अरुंद खोबणीत ठेवली की तेच तंतू सरळ एका रांगेत लागतात.”

“कोणी न सांगता?”

“कोणी न सांगता.”

“आणि मी एकतीस वर्षं घसा कोरडा करतेय.”

“मी पेशी नाही.”

“पेशी निदान रांगेत तरी लागते, अहो.”

“बाळ, खोबण फारच अरुंद केली तर काय होतं, तेही सांग तुझ्या काकूला.”

“मग पेशीचं केंद्रक दबतं. कधी फुटतंही.”

“ऐकलंस?”

“ऐकलं. म्हणजे एक खोली नको, दोन हव्यात. बरं, खोबणीतून बाहेर काढली तरी ती तशीच सरळ राहते ना गं?”

“नाही गं काकू. मोकळी जागा मिळाली की काही तासांत पुन्हा पसरते.”

तेवढ्यात एजंटाने त्यांना आत बोलावलं.

“दोन खोल्यांचं दाखवा,” काकू उठता उठता म्हणाल्या, “आणि बाल्कनी नसलेलं.”