कोठीने भरलेली ओटी

माझे मूळ गाव राजापूरच्या बाजूचे. वडील भिक्षुक, मुंज होताच त्यांनी मला पाठशाळेत घातले, तिथे संहिता मुखोद्गत झाली, थोडे व्याकरणही झाले, आणि मग पोटाने विचारले की पुढे काय? काय सांगू तुम्हाला, मंत्र पुष्कळ होते पण यजमान थोडे. म्हणून मुलुंडला आत्याकडे आलो, तिच्या यजमानांच्या ओळखीने भातगिरणीत देखरेखीला लागलो. सकाळी एकदोन घरच्या पूजा आणि मग गिरणी, असे सारे आयुष्य गेले, आणि बरे गेले.

त्या गिरणीत एक उंच लाकडी मनोरा होता. खाली जमिनीत खड्डा, त्यात भात ओतायचे. आत एक लांब पट्टा फिरे, पट्ट्याला टिनचे डबे, ते डबे खड्ड्यातले भात उचलून पार वर नेत आणि वरच्या कोठीत रिते करीत, आणि कोठीतून ते लाकडी पन्हळीने खाली यंत्रात उतरे. सबंध मनोरा सागवानी. पट्टा चालू लागला की त्याची एक लय लागे, संथ, न चुकणारी, आणि मी तिच्यावर मनातल्या मनात पाठ म्हणत असे. लोक हसत. हसू देत.

आता त्या खड्ड्याचे सांगतो, कारण सारे तिथेच अडले. आमचे कामकरी सारे कोकणातले, आणि त्यांचा एक नेम होता की धान्याच्या जागेचा तळ दिसू द्यायचा नाही. हंगाम संपला तरी थोडे भात खड्ड्यात राहायचेच. तिथे केरसुणी घालायची नाही, तळ खरवडायचा नाही. मालकांनीही तो नेम कधी मोडला नाही.

पण शेवटी मालकांनी जागा विकली. मनोरा पाडायचे काम आमच्याच माणसांना मिळाले, ते सदू मिस्त्रीमुळे. त्याने आयुष्यभर त्या मनोऱ्याच्या फळ्या बदलल्या होत्या. हे काम म्हणजे आमच्या कामकऱ्यांच्या चार-पाच घरांची पावसाळ्याची बेगमी होती, दुसरे काही हातात नव्हते. आणि पाडायला आले तर खड्ड्यात ते भात. ते काढल्याशिवाय पाया उकरता येईना, आणि काढायला कोणी तयार होईना. नव्या मालकाचा मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, क्या पंडितजी, मूठभर दाने के लिए सब काम रोका, सोमवारी सुरू नाही झालं तर मी माझी माणसं आणतो, बस.

सदू माझ्यापाशी आला. भटजीनू, तुमी येवढे शिकलास, एखादो मंत्र सांगा, आमच्यान ह्या होवचा नाय. मी म्हटले, सदू, रात्रभर आठवून पाहिले, वृक्ष तोडताना त्याची क्षमा मागायचा विधी आहे, वास्तू बांधायचा आहे, पण धान्याची जागा रिती करायचा विधी मला कोणी शिकवला नाही, आणि नसलेला मंत्र मी रचून सांगणार नाही. तो म्हणाला, मगे काय, वाट लागली आमची. आणि तिथेच फळीवर बसला.

सुभद्राबाई तिथे सूप आपटीत होत्या. या गिरणीत भात पाखडणाऱ्या; यजमान तरुणपणीच गेले, मूलबाळ नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या म्हणाल्या, रे सदू, लेक घराकडसून निघाली तर रिकामी धाडतंत काय? ओटी भरतंत मा? मगे आमी निघालव हयसून, ह्या भात ओटीत घेवया, म्हणजे रिकामा केला असा होवचा नाय. सदू ताडकन उठला, म्हणाला, वयनी, झकास! आणि मग पुन्हा फळीवर टेकला. कारण त्या दिवशी गिरणीत बाई अशी एकच होती, आणि विधवेची ओटी कोणी भरीत नाही.

ते त्यांच्याही लक्षात आले. कोणा सवाशिणीक बोलवा म्हणाल्या, आणि सूप उचलून बाजूला सरल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तुम्हाला खरे सांगतो, मी वाद केला नाही, आधार शोधला नाही. मला एवढेच दिसले की या बाईच्या हातून गावाचे तांदूळ पाखडून गेले आणि तिच्या पदरात कोणी मूठभर घातले नाही. मी म्हटले, सुभद्राबाई, पन्हळीखाली उभ्या राहा, पदर पसरा. ओटी भरणार कोण, असे सदूने विचारले. मी म्हटले, जी आजवर सगळ्यांची भरीत आली ती कोठी भरील. तू चाक फिरव.

वीज तोडलेली होती, पन्हळीखालचे यंत्रही आधीच हलवले होते. चौघांनी मिळून ते मोठे चाक हातांनी फिरवले. पट्टा करकरला, डबे खाली गेले, भात घेऊन वर गेले, आणि थोड्या वेळाने पन्हळीतून ते सरसरत आले ते थेट त्यांच्या पदरात. मी हात जोडून उभा होतो आणि जे येत होते ते सारे शांतिपाठ म्हटले. मुकादमानेही चपला काढल्या. सोमवारी सदूने पहिली फळी उतरवली.

गोष्ट बाहेर गेलीच. दोन घरच्या पूजा सुटल्या. भटजींचे आता वय झाले, असे त्यांनी सौम्यपणे कळवले. मी राग मानला नाही, त्यांनीही रूढी माझ्यासारख्याच पाठ केलेल्या आहेत. पण चैत्र आला तेव्हा आमच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, कोठीने भरली त्या ओटीला माझ्याने नाही म्हणवत नाही, मी सुभद्राबाईंना हळदीकुंकवाला बोलावते आहे. तेव्हापासून दर चैत्रात त्या येतात, सकाळीच येऊन डाळ वाटू लागतात, पन्ह्यात गूळ कमी पडला म्हणून आमच्या घरात हिला रागावतात. शेजारच्या काहीजणी त्यांना पाहून हळदीकुंकवातून लवकर उठून जातात. उठोत. जाताना त्यांच्याही हाती डाळीची वाटी दिली जाते, आणि ती द्यायला सुभद्राबाईच दारापर्यंत जातात. कोणी अजून ती वाटी परत केलेली नाही. देव त्या सगळ्यांची घरे भरलेली ठेवो.