दारातली राणी

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन बसू या. पोथी वाचायची कशी? देवाची वाणी म्हणून, हात जोडून? की गोष्ट म्हणून, रमून? आणि ज्याचा देवावर विश्वास नाही, त्यानं वाचलेलं देवाला पोचतं का हो? — लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

कृष्णाकाठच्या एका गावात द्वारकाबाई म्हणून होत्या. एकतीस वर्षांचा नेम — रोज एक अध्याय झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही! वाचताना बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. दूध उतू चाललं तर एक हुंकार — "हूं!" मांजर आलं तर दोन — "हूं, हूं!" घरात सगळ्यांना हुंकार पाठ! — हसता काय? तुमच्याकडे वेगळं चालतं?

त्यांना झाला मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, महिनाभर वाचन बंद." झालं! नेम मोडणार! बाई कासावीस. घरात वाचणारी एकच — सून श्यामली, कॉलेजात मराठी शिकवायची.

"वाचते मी, आई. पण खोटं नाही बोलणार. देव आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. गोष्ट मात्र सुंदर आहे."

"सुंदर? अगं, पोथी आहे ती, नाटक नव्हे!"

पण करतात काय? नेमापुढे नाइलाज.

श्यामली वाचू लागली. सावकाश! द्वारकाबाईंचा अध्याय पंधरा मिनिटांत आटपायचा, हिला पाऊण तास. मध्येच थांबायची, की सासूबाईंचा हुंकार!

नवव्या दिवशी तपाला बसलेल्या राजाची कथा आली. राजाचे डोळे मिटलेले. राणी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. राजा बघत नाही. राणी परत जाते. पुढे देव प्रसन्न, पुष्पवृष्टी! — श्यामली थांबली.

"हूं!"

"आई, राणीचं पुढं काय झालं?"

"हूं, हूं!"

"बघा ना, तिला एकच ओवी दिलीय. मग ती कुठंच नाही. इतका वेळ दारात उभी होती बिचारी. राजाला तिची पावलं ऐकू आली नसतील?"

मंडळी, हुंकार आला नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा द्वारकाबाई पोथीपुढे बोलल्या —

"आली होती ऐकू. मला आली होती. आपली निरू आली होती ना, तेव्हा..."

निरू त्यांची लेक. मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणून आईनं बोलणं टाकलेलं. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. आई पोथीवर. लेक थांबली, थांबली, निघून गेली. पुन्हा आली नाही. घरच्यांना वाटलं, अध्याय लांबला.

"लांबला नव्हता गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "संपला होता. मी पान उलटलं आणि दुसरा सुरू केला."

ऐकलंत? दाराला पोथीची कडी घातली! आणि सारं गाव त्या नेमाच्या पाया पडत होतं!

श्यामलीनं हळूच विचारलं, "राहिलेल्या ओव्या वाचू?"

"नको. निरूला फोन लाव."

"अहो, अध्याय अर्धा राहिलाय. पाणीसुद्धा घेतलं नाहीत तुम्ही."

"ती आली की घेईन."

निरू मिरजेला. पोचायला दुपारचे दोन वाजले. येऊन थांबली कुठे? उंबऱ्याबाहेरच! द्वारकाबाई उठल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, भिंत चाचपत दारापर्यंत गेल्या. पाण्याचा तांब्या आधी लेकीच्या हातात दिला. राहिलेल्या ओव्या तिघींनी संध्याकाळी वाचल्या.

आता सांगा, श्यामलीचं वाचन देवाला पोचलं का? निवाडा करणारी मी कोण? मीही रोज नेमाला बसते. ही कथा कळल्यापासून सावकाश वाचते, एवढंच.

उद्या तुम्हीही पोथी उघडाल. अध्याय संपला की पान उलटण्याआधी एकदा मान वर करा. दारात कुणी उभं आहे का, बघा. असेल, तर त्याचं नाव घ्या मंडळी — मोठ्यानं घ्या! त्या दिवसाचं नामस्मरण तेवढंच.