गवळणीचा घास

सिंधु : आधी मला सांगा अक्का, ही माळ कुणी घातली हिच्या गळ्यात?

रत्नम्मा : बस की गं जरा. आल्या आल्या मांजराजवळ धावलीस. खांद्यावरची पिशवी बी खाली ठिवली न्हाईस.

सिंधु : पिशवी राहू द्या. माळ.

रत्नम्मा : काविळीची हाय ती. देवणीच्या बाजूला एक म्हातारी देती मंतरून. डोक्यावर ठिवायची. रोज वाढती, रोज खाली उतरती. पायातून निघाली की कावीळ गेली.

संगप्पा : माणसाच्या डोक्यावर टिकती ती, सिस्टर. मांजराच्या कशाला टिकंल? हिनं एकदा कान फडकावला अन् माळ येऊन बसली गळ्यात.

सिंधु : गळ्यात नाही अप्पा, नळीत बसलीय. हे बघा, टाका ओढून लाल झालाय. डॉक्टरांनी मानेला भोक पाडून नळी आत सोडली, ती खाणं घालायला. हार अडकवायला खुंटी नाही ठोकली. कात्री द्या.

रत्नम्मा : कापू नको गं! माळ कापली की रोग उलटतो.

संगप्पा : उलटायला जागा कुठं हाय आता? ही घ्या कात्री.

रत्नम्मा : तुमी बी तिच्याच बाजूचे!

सिंधु : अक्का, मान धरा हिची. हळू. गवळण, ए गवळणबाई, हलू नको... झालं. निघाली. नळी जागेवर आहे, नशीब. आता उजेडात आणा तिला. कान बघू.

रत्नम्मा : काय दिसलं गं?

सिंधु : मी तांड्यावर ड्युटीला गेले तेव्हा कान फिकट पिवळे होते. आता हळद लावल्यासारखे झालेत.

रत्नम्मा : तेच म्हणून राहिले ना मी! म्हणूनच तर माळ आणली.

सिंधु : खाणं किती गेलं पोटात? मी डबा भरून ठेवला होता फ्रिजमध्ये. माझ्या घराची चावी तुमच्याजवळ. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहादा, असं समजावून गेले होते.

संगप्पा : मी जरा टँकर आला का बघून येतो.

सिंधु : अप्पा, बसा. आज उदगीर बंद आहे, टँकर इतक्यात येत नाही. जीपवाल्यानं मला नाक्यावरच उतरवलं. रस्त्यात टायर पेटवलेत पोरांनी. "जिल्हा झालाच पाहिजे."

संगप्पा : होऊ दे की. नवा जिल्हा झाला की कलेक्टर येईल, कलेक्टर आला की त्याला बी तहान लागंल, मग आपल्या नळाला पाणी. असा हिसाब हाय.

सिंधु : डबा, अप्पा.

संगप्पा : मला विचारू नका. मी एस्टीत ड्रायव्हर होतो, गाडी कुठं न्यायची ते कंडक्टर सांगायचा. घरात बी तेच.

सिंधु : अक्का?

रत्नम्मा : उपाशी न्हाई ठिवलं मी तिला. शिवाची आण. रोज घातलं. रस घातला.

सिंधु : कसला रस?

रत्नम्मा : उसाचा. ताजा. हे बसस्टँडच्या घाण्यावर जाऊन आणायचे. उन्हातान्हाचे.

संगप्पा : एक गिलास तिला, एक मला. मला काय फरक पडला न्हाई.

सिंधु : उसाचा रस! नळीतून? आणि डबा?

रत्नम्मा : डबा हाय तसाच हाय.

सिंधु : म्हणजे मी गेल्यापासून हिच्या पोटात अन्न नाही.

रत्नम्मा : अगं, काविळीला पथ्य आसतंय! तेल न्हाई, तूप न्हाई, वशाट, अंडं-मटण, तर अजिबात न्हाई. आमच्या मल्लिकार्जुनला लहानपणी कावीळ झाली होती, माझ्या पाठच्या भावाला. डोळे शेवंतीवानी पिवळे. मायनं मला दारात बसवलं, म्हनली, कुणाला काय खाऊ घालू देऊ नको. मी राखण केली त्याची. भाकरीवर तेलाचं बोट लावून मागायचा, रडायचा, मला चावायचा. म्या दिलं न्हाई. उसाचा रस अन् फुटाणे, रस अन् फुटाणे. आज नातवंडं खेळवून राहिलाय तो निलंग्याला.

सिंधु : तो माणूस होता अक्का. ही मांजर आहे.

रत्नम्मा : कावीळ कावीळच आसती.

सिंधु : नसते. ऐका. हिनं चार-सहा दिवस तोंड बंद केलं ना मागच्या महिन्यात, म्हातारपणी, दात पडल्यावर? तिथूनच हे लागलं. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी सगळी लिव्हरवर जाऊन बसते, लिव्हर बंद पडतं. उपास हाच हिचा रोग आहे. पथ्य नाही, खाणं हीच दवा. तेही मांसाचं, अंड्याचं. तुम्ही दारात बसून राखण केलीत, पण आत रोगालाच बसवलंत.

संगप्पा : सिस्टर, जरा हळू. म्हातारी झोपली न्हाई तुम्ही गेल्यापासून.

सिंधु : मी तरी कुठं झोपले? टँकरच्या पाण्यानं अख्ख्या तांड्याला हगवण लागलीय, सलाइन लावून लावून बोटं दुखतायत. पण मनात ही होती. म्हटलं, अक्का आहेत. अक्कांच्या हातात आहे.

रत्नम्मा : (पदरानं मांजराचं तोंड पुसते.)

सिंधु : एक विचारते. खरं सांगा. डब्याला हात लावला नाहीत तो कावीळ म्हणून, की अंडं म्हणून?

संगप्पा : आता बोल की.

रत्नम्मा : दोन्ही.

संगप्पा : अय्यो! चौदा वर्षं उंदीर खाल्ले हिनं तुझ्या न्हाणीत बसून. तवा न्हाई विटाळलं घर?

रत्नम्मा : तिनं खाल्ले. म्या न्हाई भरवले. माझ्या गळ्यात लिंग हाय.

संगप्पा : तिच्या गळ्यात नळी हाय.

सिंधु : थांबा दोघं. मी डॉक्टरांना फोन लावते... हॅलो, साहेब? जयभीम साहेब, उदगीरहून सिंधु बोलतेय, गवळणची. हो, तीच, म्हातारी मांजर... नाही, काल परवा पोटात काही गेलं नाही, रसावर होती... उसाच्या... हो साहेब, बोलून झालंय माझं, तुम्ही नका बोलू... ओकली नाही. पण मान टाकून आहे. हाक मारली की फक्त शेपटीचं टोक हलतं... बंद आहे साहेब, रिक्षा नाही, काही नाही... बरं. बरं. कोमट पाण्यानं आधी नळी बघते... थोडंच, एकदम भरायचं नाही, उपाशी पोट आहे... आणि साहेब, संध्याकाळपर्यंत नाही जमलं तर?... बरं. ठेवते.

रत्नम्मा : काय म्हनले?

सिंधु : म्हणाले, आज अन्न गेलं पोटात तर उद्या घेऊन या.

रत्नम्मा : अन् न्हाई गेलं तर?

सिंधु : तर आणू नका म्हणाले.

संगप्पा : शिव शिव. मी डबा घेऊन येतो तुमच्या घरून.

सिंधु : नको अप्पा. लाईट कालपासून नाही म्हणे, डबा नासला असणार. अंडी आहेत चांगली, ही काय, पिशवीत घेऊनच आलेय. पण माझा गॅस मी जायच्या दिवशीच संपला. नंबर लावलाय, सिलिंडर बंद सुटल्यावर.

संगप्पा : समोरच्या हॉटेलात?

सिंधु : शटर खाली.

संगप्पा : स्टोव्ह हाय आमचा माळ्यावर, पण रॉकेल कुठलं आणावं? थांबा, थांबा. मी अंगणात तीन दगड मांडतो. जाळायला तुराट्या हायत थोड्या. भांडं तुमचं, अंडं तुमचं, आमचं नुसतं अंगण. कुणाचं काय बाटत न्हाई. काय म्हनती, रत्ना?

(रत्नम्माच्या मांडीवर गवळण आहे आणि मांडीला भार जाणवत नाही. दुधवाल्याच्या घागरीत तोंड घालून नाव कमावलेली ही मांजर, एकेकाळी मांडीवर बसली की पायाला मुंग्या येत. आता पदराचंच ओझं जास्त. बाहेर कुणीतरी घोषणा देत जातं. रत्नम्मा आधी अंगणाकडं बघते, मग सिंधूकडं. सिंधु नेहमीच्याच जागी उभी आहे. सैपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडं.)

रत्नम्मा : अंगणात कामून?

संगप्पा : मंग कुठं?

रत्नम्मा : घरच्या लेकराचा घास कुणी अंगणात शिजवतंय का? भिकारीण हाय का ती? गॅस हाय घरात. पातेलं हाय.

संगप्पा : तुझं पातेलं?

रत्नम्मा : न्हाई, कलेक्टरचं! सिंधु, ये आत.

सिंधु : मी?

रत्नम्मा : उंबऱ्यात उभी राहून अंडं उकडती का कुणी? ये.

सिंधु : इतकी वर्षं शेजारी आहे, अक्का. चहा मी बाहेरच्या पायरीवर पिते. आज मांजरामुळं बोलावणं आलं.

रत्नम्मा : मांजर रोज भिंत वलांडून तुझ्याकडं जायची. तिला कळलं ते मला उशिरा कळलं. बोल आता, काय बोलायचं ते. पण आत येऊन बोल.

संगप्पा : रोज देवापुढं बसून वचनं म्हनती म्हातारी, सगळी माणसं सारखी म्हणून. आज एक तरी कानात गेलं.

रत्नम्मा : तुमी माठातलं पाणी द्या. बोलू नका.

संगप्पा : तांब्याभरच हाय.

रत्नम्मा : मंग तांब्याभर द्या. आपण टँकर आला की पिऊ.

सिंधु : निम्मं पातेल्यात, निम्मं वेगळं उकळायला. नळीला लागेल. अक्का, अंडं सोडा पाण्यात.

रत्नम्मा : मी?

सिंधु : माझे हात जीपच्या धुळीचे आहेत. धुवायला पाणी नाही घालवायचं.

रत्नम्मा : दे... अगं.

सिंधु : काय झालं?

रत्नम्मा : हलकं हाय गं. मला वाटलं, जड आसंल.

संगप्पा : जपून, फुटंल.

रत्नम्मा : लेकरं वाढवलीत म्या. नाजूक कसं धरायचं मला शिकवू नका.

सिंधु : उकडू द्या चांगलं. तोवर नळी बघते. कोमट पाणी... जात नाही. रसाचा चिकटा बसलाय आत. जोर करून चालणार नाही. थोडं आत, थोडं बाहेर. थोडं आत...

रत्नम्मा : जाईल ना गं?

सिंधु : गप्प बसा अक्का, मला बघू द्या.

संगप्पा : गियर अडकला की आम्ही बी असंच करायचो. पुढं, मागं. पुढं, मागं. शिव्या द्यायच्या हळूच.

सिंधु : गेलं! गेलं अप्पा. मोकळी झाली.

रत्नम्मा : शिवा, महादेवा.

सिंधु : आता अंडं सोला. मिक्सर तर नाही, लाईट नाही. बारीक कशात करायचं?

रत्नम्मा : खल हाय की माझा.

संगप्पा : इलायची कुटायचा?

रत्नम्मा : हाव. वास चांगला लागंल तिला. सिंधु, असं लोण्यावानी झालं पाह्यजे ना? मी कुटते. तू पाणी घाल थेंब थेंब. अन् तुमचं जुनं धोतर आणा, धुतलेलं, गाळायला.

संगप्पा : माझं धोतर बी गेलं म्हणा आजच्या बंदमध्ये.

सिंधु : झालं. भरा सिरिंजमध्ये. आज तुम्हीच घाला, अक्का.

रत्नम्मा : मला न्हाई जमायचं. तू घालायचीस, मी मान धरायची, असंच चाललंय आजवर.

सिंधु : मला पुन्हा ड्युटीवर जायचंय. साथ हटली नाही अजून. मी नसताना कोण घालणार? घ्या. नळीला लावा. हळू दाबा. अहो, हळू! एवढं एकदम गेलं तर ओकेल ती.

रत्नम्मा : हळू म्हंजे किती गं? मला घड्याळ कळत न्हाई असलं.

सिंधु : तुम्ही जात्यावर दळायच्या ना? घास कसा टाकायच्या जात्यात?

रत्नम्मा : ओवीवर. एका ओवीला एक मूठ.

सिंधु : मग तसंच. एका ओवीला एक घोट. म्हणा.

रत्नम्मा : आत्ता? ह्यांच्यासमोर?

संगप्पा : मी भिंतीकडं तोंड करतो.

रत्नम्मा :
माझ्या गं दारावरून गवळ्याची गाडी गेली
गवळण माझी बाई चोरून साय प्याली...

सिंधु : छान. थांबा थोडं. श्वास बघू... बरोबर आहे. दुसरी.

रत्नम्मा :
सरली गं नदीबाई, सरलं आडाचं पाणी
सरू नको गवळणी, हाय गं अजून गाणी...

सिंधु : अक्का, बघा. जिभेनं ओठ पुसला तिनं.

रत्नम्मा : पुसला?

सिंधु : चव नळीतून लागत नाही खरं तर. पण वास लागला असेल.

संगप्पा : इलायचीचा. माझं ऐका, मला बी... अरे! हॉर्न वाजला. टँकर! पोरांनी सोडला वाटतं नाक्यावरनं. रत्ना, घागरी कुठं हायत? ऊठ, ऊठ, रांग लागायच्या आत!

सिंधु : अक्का, माठात थेंब नाही तुमच्या. मी बसते हिच्यापाशी. जा तुम्ही. पुन्हा कधी येईल सांगता येत नाही.

रत्नम्मा : तुमी दोघं जावा. माझी ओवी सरायची हाय अजून.