शालीशिवाय

(नदीकाठी, बालाजी घाटाजवळचं बकुळच्या आईचं घर. खिडकीपाशी चित्रकार बकुळ. समोर स्टुलावर तिचे जुने शिक्षक श्रीनिवास, कमरेपर्यंत उघडे.)

श्रीनिवास : पण सत्काराच्या चित्रात उघडं अंग कशाला? शाल पांघरतो ना मी.

बकुळ : तुम्हीच शिकवलंत, सर. आधी शरीराचा भार कुठे पडतो ते बघायचं, मग हाडं, मग मांस. चेहरा सगळ्यात शेवटी.

श्रीनिवास : ते वर्गात ठीक. आता पंचाहत्तरीला... छाती आत गेलीय माझी.

बकुळ : दिसतंय. हलू नका.

श्रीनिवास : थोडी भरून काढ ना, बेटा. रविवारी सगळे जुने विद्यार्थी येणार.

बकुळ : पंचगंगा घाटावरच्या मल्लाहांचे, त्या नावाड्यांचे, खांदे मी झाकून काढले असते, तर माझ्या चित्रांच्या वह्या जळण्यातून वाचल्या असत्या.

श्रीनिवास : बावीस वर्षं झाली त्याला.

बकुळ : उघड्या पुरुषांना बघत बसते, असं गल्लीभर झालं. बाबा कॉलेजात आले. 'तुम्ही पाठवलंत का हिला?' तुम्ही काय म्हणालात?

श्रीनिवास : नोकरीचा सवाल होता.

बकुळ : काय म्हणालात?

श्रीनिवास : म्हणालो... मी नाही पाठवलं. ती आपल्या मनाने जाते.

बकुळ : त्याच संध्याकाळी अंगणात वह्या जळल्या. महिन्याभरात कॉलेज सुटलं. आई अजून लांबच्या गल्लीने भाजी आणायला जाते. जवळच्या गल्लीत बायका तोंडावर हसायच्या.

श्रीनिवास : म्हणजे हा बदला आहे.

बकुळ : हो.

श्रीनिवास : कबूल तरी करतेस.

बकुळ : तुम्हीही करा. रविवारी, माईकवर, या चित्राशेजारी उभं राहून.

श्रीनिवास : नाही बोललो तर?

बकुळ : मग मी बोलेन.

श्रीनिवास : आणि बोललो, तर शाल रंगवशील?

बकुळ : नाही.

श्रीनिवास : थंडी वाजतेय, बकुळ.

बकुळ : काटा आलाय अंगावर. तोही काढतेय.

श्रीनिवास : आईंना बोलाव. रविवारचं रविवारी. आधी त्यांना सांगतो.

बकुळ : ती केव्हाची दारात उभी आहे.

श्रीनिवास : वहिनी... तुम्ही... मीच पाठवलं होतं हिला. मीच म्हणालो होतो, घाटावर जा, माणसं बघ, आणि—

आई : थांबा. आधी सदरा घाला, श्रीनिवासराव. मग सांगा. पहिल्यापासून.